गुदामाच्या भिंतीला टेकलेली सायकल

आबा, तुम्ही सायकल पाहिली होती, पण दुधाने लादलेली सायकल पाहिली नव्हती. खडकीच्या लष्करात एक गोरा सार्जंट सायकलवरून हिंडायचा. तुम्ही खांद्यावर कावड घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायचात आणि मला म्हणायचात, "चालतोय तवर ठीक हाय. थांबला की पडंल बघ." तो थांबायचा, एक पाय खाली टेकवायचा आणि पडायचा नाही. तुम्ही हसायचात. तुमचं म्हणणं बरोबर होतं हे मला आता पन्नाशीला आल्यावर कळतंय. रिकामी सायकल थांबते. लादलेली सायकल थांबवली की पडते. मागे कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन भरलेल्या किटल्या, पुढे दांडीला दारोदार न्यायची छोटी किटली आणि मापं. चालवताना हे ओझं जाणवतसुद्धा नाही. उतरलं की मात्र ते जागं होतं, आणि एका बाजूला कलंडू लागतं. कंपनीने दिलेला एक पायाचा स्टँड पहिल्याच पावसाळ्यात वाकला. दिघीहून भोसरीवरून पिंपरीपर्यंत सायकल आणायला मला कधी त्रास झाला नाही. सगळा त्रास पिंपरीला पोचल्यावर तिला उभं करण्याचा होता. त्या उभं करण्यातून जे काही झालं त्याची मला अजून शिसारी येते. घरात कुणाशी हे बोलता येत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे.

तुमची कावड मला आठवते. वाटेत थांबायचं झालं की तुम्ही ती कधी जमिनीवर ठेवली नाहीत. ओढ्यापाशी एक बाभळ होती, तिच्या बेचक्यात कावडीची दांडी अडकवायचात. गावात शिरलो तर कुणाच्याही ओट्यावर. "टेकवा की," असं आतून बाई म्हणायचीच, विचारावं लागत नसे. एकदा मी, आठ-नऊ वर्षांचा असेन, लघवीला जायच्या घाईत छोटी चरवी वाटेच्या कडेला गवतात ठेवली. तिथे कुणीतरी घाण केलेली होती, मला दिसली नाही. चरवीच्या बुडाला लागली. झाकण घट्ट होतं, दुधाला काही झालं नव्हतं. तुम्ही पाहिलंत. चरवी उचललीत, बांधावर नेऊन सगळं दूध ओतून दिलंत आणि रिकामी चरवी माझ्या हातात दिलीत. घरी आईने ती राखेने तीनतीनदा घासली, चुलीपाशी उपडी घातली, आणि तुम्ही जेवायला बसण्याआधी ती हातात घेऊन आत नाक घालून वास घेतलात. मग म्हणालात, "दूध दुसऱ्याच्या लेकरानं प्यायचं असतं. आपण प्यायचं असतं तर येक डाव चाललं असतं." मी मान खाली घालून भाकरी खात होतो.

आता पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहिले आहेत. तुम्ही जिथे मेंढरं बसलेली पाहिलीत तिथे सकाळी भोंगा होतो आणि माणसांचा लोंढा फाटकातून आत जातो. त्यांच्यासाठी एका मालकाने पत्र्याच्या छपराच्या चाळी बांधल्या आहेत. साताऱ्याकडचे, नगरचे, कोकणातले, मोगलाईतले, सगळीकडचे लोक तिथे राहतात. माझं निम्मं दूध त्या चाळींत जातं. पण तिथे ओटा नाही. दारातून पाय बाहेर टाकला की गटार. झाडं होती ती विटा भाजायला गेली. पुढची भिंत चुन्याची, तिला सायकल लावली तर मालकाचा माणूस ओरडत येतो. विजेचा एक खांब आहे, पण खांबाला लादलेली सायकल टेकत नाही. तुम्ही पाठ फिरवलीत की ती खांबाभोवती फिरते आणि पलीकडे पडते. माझी तशी एकदा पडली, सबंध एक किटली मुरुमात गेली, आणि दारात उभी राहिलेली माणसं "अरारारा" म्हणाली, पुढे कुणी आलं नाही. दारोदार दूध घालायला तर सायकल सोडून जावंच लागतं. राहता राहिली चाळीमागच्या गुदामाची भिंत.

त्या भिंतीबद्दल लिहायलाही मला नको वाटतं. चाळीच्या टोकाला संडास आहेत, पण तेवढं चालायचा पुरुषांना कंटाळा. रात्रपाळीचे सुटलेले, दिवसपाळीला निघालेले, सगळे त्या भिंतीशी उभे. पलीकडे नळावर बायका पाण्याला उभ्या, आणि हे इकडे तोंड करून गप्पा मारत उभे. "पगार कधी रे?" "शनवारी." मधे धार चालूच. भिंत कंबरेपर्यंत काळी पडलेली, खालची जमीन बारा महिने ओली, वर तंबाखूच्या पिचकाऱ्या. मी नाकाला धोतराचा सोगा लावून सायकल तिला टेकवायचो. एक किटली भिंतीच्या बाजूला यायची. चपलेतून ओल वर चढायची. मग नळावर जाऊन किटल्या बाहेरून धुवायच्या, पाय धुवायचे, आणि मगच माप हातात घ्यायचं. तरी एकदा एका दारातल्या म्हातारीने भांडं मागे घेतलं. म्हणाली, "बुवा, दुधाला कसला वास येतुया?" दुधाला येत नव्हता, आबा. माझ्या पायांना येत होता. पण मी काय सांगणार होतो?

मी काठीही करून पाहिली. तुमच्या त्या बाभळीची आठवण ठेवून एक दणकट बेचकं तोडलं, खोगिराखाली लावायला. पुढचा ब्रेक ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायचा, पुढचं चाक थोडं वळवायचं आणि बेचक्यावर भार द्यायचा. सपाट जागी हे चांगलं चालतं. तिथे उतार होता. काठी सरकायची. आणि एक दिवस परत येतो तर सायकल आडवी आणि काठी कुणाच्या तरी चुलीत. भिंतीला लागून एका माणसाची चहाची टपरी होती. तो मोगलाईतला, जिभेने चलाख. तो तिथून ओरडला, "बुवा, काठी सायकलीला पायजे का तुमाला?" टपरीवरचे सगळे हसले. हसणाऱ्यांत एक जण भिंतीशी उभा होता.

त्याच दिवशी त्या चहावाल्याने मला बसवून घेऊन चहा दिला. म्हणाला, "काहून जीव काढता बुवा? माझं बी गिऱ्हाईक वासानं पळून चाललंय. ह्याला एकच औषध हाय."

"काय?"

"देव."

मला वाटलं तो थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भिंत पाणी मारून धुतलेली, चुन्याचा एक हात दिलेला, आणि खाली ओढ्यातला एक गोल धोंडा, शेंदूर फासून, चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे चिकटवून, पुढे उदबत्ती लावून बसवलेला. "म्हसोबा," तो म्हणाला. "कालच बाजारातून डोळे आणले. चांगले बसलेत का?" मग डोळा मारून म्हणाला, "लावा आता गाडी. तुमच्यासाठीच केलंय."

आणि चाललं, आबा. मी हे खोटं सांगणार नाही. त्या सकाळपासून तिथे कुणी उभं राहिलं नाही. जो माणूस नळावरच्या बायकांना लाजला नाही, आपलीच आई-बहीण तिथे हंडा घेऊन उभी आहे याला लाजला नाही, आपलं पोर जे दूध पिणार ते त्या भिंतीला टेकलंय याला लाजला नाही, तो त्या दोन पत्र्याच्या डोळ्यांना लाजला. चपला काढून, वाकून, गालात मारून घेऊन कामावर गेला. मला वाटायला हवं होतं बरं. माझी सायकल कोरड्या भिंतीला टेकून सरळ उभी होती, दोन्ही किटल्या स्वच्छ. पण किळस आलीच. आधी घाणीची किळस यायची, ती नाकाला यायची. ही वेगळी होती. देवाला मुतारीवर पहारेकरी म्हणून उभा केला होता, आणि त्याच्या पाठीला मी माझी सायकल लावत होतो.

मी बोललो नाही. रोज सायकल लावत राहिलो. थोड्या दिवसांनी एक बाई किटलीतून दूध घेता घेता एकदम वाकली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. "मागं सरा बाई, हे काय?" म्हटलं. ती म्हणाली, "तुमाला दृष्टान्त झाला न्हवं का, बुवा? म्हसोबा सपनात आला, मला बाहेर काढ म्हनला?" मी तसाच टपरीवर गेलो.

"मी कधी तुला आसं बोललो?"

"न्हाई बोललात."

"मग?"

"पण न्हाई म्हणूनबी न्हाई बोललात." तो कपबशा धूत होता, वर पाहिलंसुद्धा नाही. "आवो, माझ्या तोंडून कोण ऐकतंय? मी चहावाला. तुमी माळकरी. तुमच्या गळ्यातल्या माळंनं भिंत राखलीय, धोंड्यानं न्हाई. उगं कटकट करू नगा."

ती माळ तुम्ही घातली होतीत. मी सातवीची फायनल परीक्षा पास झालो त्या साली, आळंदीला इंद्रायणीत अंघोळ करून आल्यावर, ओल्या अंगाने. मास्तरांनी पुस्तक बक्षीस दिलं होतं, आणि तुम्ही ही माळ. तुम्ही उपदेश केला नाहीत. एवढंच म्हणालात, "आता लोक तुझं ऐकत्याल. म्हणून कमी बोलत जा." मी कमी बोलायला शिकलो. इतकं कमी, की टपरीवर उभं राहून मला एका माणसाला खोटारडा म्हणता आलं नाही. मी परत फिरलो, सायकल भिंतीवरून काढली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच लावली.

मग दूध सुरू झालं. गुरुवार, अमावस्या, कुणाची नोकरी पक्की झाली, कुणाला दिवस गेले, की धोंड्यावर दूध. माझंच दूध. खप वाढला. शेजारच्या म्हशींचंही दूध मी घेऊ लागलो. ज्या घरांत चहापुरतं पावशेर घ्यायचे त्या घरांतून अच्छेर, म्हणजे दुप्पट, मागणी येऊ लागली, आणि वाढलेलं पोराच्या वाटीत जात नव्हतं. ते शेंदरावरून ओघळून मातीत जिरायचं. उन्हाळा होता. दूध नासायचं, त्यावर माश्या घोंगावायच्या, हारांची फुलं त्यात कुजायची. आबा, ती भिंत पुन्हा घाण मारायला लागली. पहिल्यापेक्षा वाईट. आंबलेल्या दुधाचा वास काय असतो तो तुम्हाला सांगायला नको. आणि आता कुणाच्याही नाकाला तो येत नव्हता. माणसं त्यात अनवाणी उभी राहून डोळे मिटायची. मी पुन्हा नळावर किटल्या धुवायला लागलो.

चाळीच्या शेवटच्या खोलीत एक कोवळी पोरगी होती, साताऱ्याकडची, पहिलं मूल, दीड-दोन वर्षांचं. ते पोर आजारातून उठलेलं, मान धरवत नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, औषध संपलं, आता ह्याला रोज दूध द्या, दुसरं काही नको. ती माझ्याकडून अच्छेर घ्यायची, तिच्या घरात तेवढंच परवडत होतं. पंधरा-वीस दिवस झाले तरी पोर सुधारलं नाही. उलट हाताची कातडी लोंबायला लागली. एक दिवस मी चाळीतून फिरून लवकर परतलो, तर ती भिंतीपाशी. मी नुकतंच घातलेलं दूध, सगळं, तांब्यातून धोंड्यावर ओतत होती. कडेवर पोर. पोर त्या धारेकडे बघत होतं. रडत नव्हतं. हात पुढे करण्याइतकीही ताकद त्याच्यात नव्हती, नुसतं बघत होतं.

मी म्हटलं, "बाई, हे काय करतीस? ते त्याचं दूध हाय."

"नवस हाय बुवा. चाळीस दिस घालायचं. पोर बरं झालं की मग त्यालाच पाजीन."

"मग आत्ता काय पाजतीस?"

"पेज."

माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. मोठ्याने आलं. "न्हाई बाई. मला कायबी सपन पडलं न्हाई. ह्यो ओढ्यातला धोंडा हाय. लोकांनी हितं मुतू नये म्हणून चहावाल्यानं ठेवला, आन माझी सायकल लावायला मला जागा झाली म्हणून मी गप बसलो. घरी जा. उद्यापासून दूध पोराच्या तोंडात जाऊ दे."

तिने पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नळावरच्या बायका थांबल्या होत्या. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "आन इतके दिस तुमी रोज मला माप घालत हुता." एवढंच. तांब्या उपडा करून शेवटचा थेंब पोराच्या ओठाला लावला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आणि आणखी पाच-सहा जण वाट अडवून उभे. "आमच्या देवाला धोंडा म्हनतो काय रं, म्हाताऱ्या?" एकाने सायकलची दांडी धरली. मी दोन्ही हातांनी सायकल सांभाळत उभा, किटल्या हिंदकळतायत. "मग खोटं आधी का सांगितलंस? तू पाप केलंस, आमी न्हाई." म्हटलं, "व्हय. मीच केलं." एकाने शिवी दिली, एक जण थुंकला, आणि निम्म्या चाळीने माझं दूध बंद केलं. चहावाला त्याच दुपारी टपरी आवरताना मला म्हणाला, "बुवा, सोताच्याच गाडीला लाथ मारलीत तुमी. आता लावा गटारात." त्याने टपरी दुसऱ्या फाटकापाशी नेली. देव मात्र नेला नाही.

आणि मग जे पाहिलं त्याने मला सगळ्यात जास्त ओकारी आली. आठवडाभरात भिंत पुन्हा ओली झाली. लोकांनी धोंडा काढला नाही, कारण देव असला तर? आणि उभं राहणं सोडलं नाही, कारण नसला तर? धोंड्यापासून दोन हात बाजूला उभे राहायचे. जाताना त्याला नमस्कारही करायचे. मी हे स्वतः पाहिलं आहे, एकाच माणसाला, एकाच हाताने.

सायकलचं म्हणाल तर ती आता उभी राहते. भोसरीच्या लोहाराने जुन्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून तिला दोन पाय करून दिले. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली फाकलेले, टोकाला तळव्याएवढी पट्टी ठोकून. पायाने मागे ओढलं की सायकल पाठीवर घेतल्यासारखी उचलली जाते आणि भरल्या किटल्यांसकट ताठ उभी राहते. भिंत लागत नाही, खांब लागत नाही. चिखल असला तर खाली फळीचा तुकडा घालावा लागतो, बस. लोहार म्हणाला, "बुवा, एवढं सोपं काम, इतके दिस का थांबला?" एक हातभर लोखंडासाठी मी देव होऊ दिला. मी लोहाराला म्हटलं, सुचलं न्हाई. ते पोर जगलं. दारात बसतं, मला पाहून वाटी पुढे करतं. त्याची आई भांडं पुढे करते, माप घेते, आणि माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. दूध पोराच्या पोटात जातंय.

काल पहाटे चाळीतलं दूध घालून झाल्यावर मी तो धोंडा उचलला. कुणी अडवलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी तोंड फिरवलं. नळावर त्याला धुतलं नाही, हात लावून नुसता पोत्यात गुंडाळला, रिकाम्या किटल्यांच्या मधे कॅरिअरवर बांधला आणि पवनेवर आणला. तो जड आहे, दुधापेक्षा जड. एका अंगाला झुकतो. नदीकाठच्या वाळूत दोन पायांचा स्टँडसुद्धा रुतू लागला, सायकल हळूहळू कलायला लागली, फळी चाळीतच राहिलेली. मग मी पायातल्या चपला काढून स्टँडच्या दोन्ही पायांखाली घातल्या. सायकल उभी राहिली. मी अनवाणी गुडघाभर पाण्यात गेलो आणि धोंडा सोडला. शेंदूर थोडा वेळ पाण्यावर तरंगत राहिला. मला काही वाटलं नाही. नुसता हातांना वास येत होता, आंबलेल्या दुधाचा, तो वाळूने घासला तरी गेला नाही.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही. टाकायचं म्हटलं तरी वर काय लिहू? उद्या चुलीत जाईल, किंवा गोठ्यातल्या फळीवर राहील, म्हशींच्या औषधांशेजारी. फक्त एक राहिलं. घरी आल्यावर बायकोने चिखलाचे पाय पाहून विचारलं, अनवाणी का गेला होता? मी सांगितलं, चपला सायकलीखाली घातल्या होत्या, दुसरा इलाज नव्हता. तिला ते पटलं. पण आबा, सायकल उभी केली होती तिथून चार पावलांवर कोरडा, सपाट कातळ होता. चपला काढायच्या आधीच मी तो पाहिला होता.